पासंग

कुठल्याही दुकानात शिरलो की तिथला काटा खरा की खोटा हे मला वासावरून कळतं, असा सुप्यात एक समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही, धंद्याला बरा पडतो. खरं म्हणजे मी काट्याकडे बघतच नाही, दुकानदाराच्या हाताकडे बघतो. ज्याच्या मनात काळंबेरं असतं तो शेवटची मूठ उंचावरून टाकतो. पारडं दणका खाऊन खाली जातं आणि ते परत वर यायच्या आत गड्याने पुडी बांधायला घेतलेली असते. सरळ माणूस थांबतो. काटा एकदा हलतो, दुसऱ्यांदा हलतो, मग स्थिरावतो, तेव्हा कुठे तो माल उचलतो. त्या दोन-तीन सेकंदांत माणूस कळतो.

माझं दुकान पुणे-नगर रस्त्याच्या कडेला आहे. दहा बाय बाराची खोली, पाटीवर ‘वजने-मापे व काटे दुरुस्ती, परवानाधारक’. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पाटीवरही तसं करून घेतलं, तोंडात मात्र अजून नगरच येतं. भिंतीला पितळी पारड्यांचे जुने तराजू टांगलेत, टेबलावर पोट उघडं टाकलेले इलेक्ट्रॉनिक काटे पडलेत आणि कोपऱ्यात एक काळी लोखंडी पळी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिणार आहे. मी धंदा मांडला १९८७ साली. तेव्हा कवड्या डोंगरावर पवनचक्क्या नव्हत्या, एमआयडीसीत जपानी पाट्या नव्हत्या. बाजरी, हुलगा, मटकी आणि पाऊस झालाच तर कांदा-वाटाणा, असा पारनेर तालुका होता.

ख्रिस्ती माणूस सचोटीने जगण्याकडे कसा बघतो ते लिहा, असं या मासिकाकडून आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. हे पाळकांचं काम. आमच्या पाळकसाहेबांना विचारा, ते तीन मुद्द्यांत सांगतील. पण मग वाटलं, तीन मुद्दे सगळ्यांना माहीत आहेत. काट्याच्या बाजूने कोणी सांगत नाही.

आधी एक शब्द घेतो. ‘विश्वास’. चर्चमध्ये आम्ही श्रद्धेला विश्वासच म्हणतो. ‘विश्वासाने तारण’, ‘विश्वासणारे’ हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. आणि बाजारात व्यापारी म्हणतो, ‘विश्वासावर माल दिलाय, पैसे सावकाश द्या.’ मला बरीच वर्षं हे दोन वेगळे शब्द वाटायचे. एक रविवारचा, एक बाजारचा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि त्यांना शब्दांची मुळं उकरायचा नाद होता. त्यांनी एकदा सांगितलं की प्रार्थनेच्या शेवटी आपण ‘आमेन’ म्हणतो, तो शब्द हिब्रू आहे आणि त्याच्या मुळाशी ‘पक्कं असणं, भरवशाचं असणं’ असा अर्थ आहे. म्हणजे आमेन म्हणणारा माणूस एक प्रकारे शिक्काच मारतो, हे पडताळलं, खरं आहे. ‘मग शिक्का मारण्याआधी बघत जा, काय वजन आहे ते,’ दादा म्हणाले. माझ्या धंद्यावर त्यांनी केलेला हा एकच विनोद.

बायबलात वजनमापांविषयी किती लिहिलंय हे ख्रिस्ती लोकांनाही फारसं माहीत नसतं. मोशेच्या नियमशास्त्रात आहे, नीतिसूत्रांत आहे, आमोस आणि मीखा या संदेष्ट्यांनी तर व्यापाऱ्यांना चांगलंच झाडलंय. सण कधी एकदाचा संपतो, मग दुकान उघडून माप लहान करू, असं मनात म्हणणारे व्यापारी आमोसाला दिसत होते, आणि आमोस हा येशूच्या साडेसातशे वर्षं आधीचा. बायबलातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात थैलीत दोन वजनं न बाळगण्याचा नियम आहे. एक घ्यायचं, एक द्यायचं. त्या काळी वजनं दगडाची असत, म्हणून हिब्रूत वजनाला दगड हाच शब्द आहे. आपल्याकडेही खेड्यातल्या म्हाताऱ्या कालपरवापर्यंत धोंड्यानेच भाजी जोखत होत्या. हा नियम देवळाच्या किंवा उपासनेच्या नियमांपासून वेगळा काढलेला नाही, त्याच्या शेजारीच बसवलाय. मला त्यातली ही जागा महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात, अगदी तेच.

येशूलाही बाजार ठाऊक होता. सुताराच्या घरात वाढलेला माणूस, घेणंदेणं बघितलेलं. एका ठिकाणी तो उदार देण्याविषयी बोलतो तेव्हा धान्य मोजणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे उभा करतो. पायली ठोकून ठोकून बसवायची आणि वर शीग लावायची. हे ज्याने कधी पायलीने बाजरी मोजून घेतली नाही त्याला सुचायचं नाही.

आता ती पळी.

जुनी लोखंडी वजनं कधी उलटी करून बघितली असतील तर खाली एक खोबण दिसते, तिच्यात शिसं भरलेलं असतं. वजन नेमकं व्हावं म्हणून ते शिसं. त्या शिशावरच निरीक्षक मुद्रा उमटवतो. वर्ष आणि तिमाहीचं अक्षर. वजनांची पडताळणी दर दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी. आमचं काम असं की वजन झिजलं असेल तर शिसं वितळवून भरायचं, जास्त झालं तर कोरून काढायचं, आणि मग निरीक्षकापुढे ठेवायचं. पळी स्टोव्हवर तापते, शिसं आधी सुरकुतल्यासारखं दिसतं, मग एकदम आरशासारखं होतं. त्या क्षणी ओतायचं. हात थरथरला तर कडेला मणी उडतात. माझ्या डाव्या मनगटावर दोन डाग आहेत.

१९९४ साली एक भुसार व्यापारी माझ्याकडे आला. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. म्हणाला, ‘मुद्रा झाली की दोन दिवसांनी ये. एक किलोचं आणि दोन किलोचं जरा हलकं करून दे.’ तीनशे रुपये. तेव्हा थोरल्या मुलीचं नगरला शिक्षण चालू होतं, घरभाडं थकलं होतं, आणि मी ‘हो’ म्हणालो. हे कारण मी इतकी वर्षं सांगत आलोय, पण खरं सांगायचं तर तीनशे रुपयांनी भाडं फिटणार नव्हतं. तो मोठा व्यापारी होता आणि त्याने मला चहा पाजला होता. नाही म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच.

शिसं कोरून काढायला पाच मिनिटं लागतात. किलोमागे चाळीस ग्रॅम. शंभर किलो शेंगदाणे विकले की चार किलो फुकट. ज्यांच्याकडून ते चार किलो आले ते सगळे आठवड्याच्या बाजाराला किलो, दोन किलो घेणारे. कोणाच्या पुडीतून चाळीस ग्रॅम, कोणाच्या ऐंशी. कोणालाच कळत नाही, कोणीच भांडायला येत नाही. या चोरीचं लबाडपण यातच आहे की तिला फिर्यादी नसतो.

असं मी तीनदा केलं. चौथ्यांदा नाही म्हणालो, आणि इथे वाचकांना वाटेल की प्रार्थनेत मला काही साक्षात्कार झाला असेल. तसं काही नाही. नवीन निरीक्षक कडक आला होता आणि मला परवाना जायची भीती वाटली. आधी भीतीने थांबलो, लाज नंतर वाटली, आणि श्रद्धेची गोष्ट तर आणखी वर्षभराने आली. आमच्या सभांमध्ये ‘साक्ष’ देतात, म्हणजे आपलं आयुष्य कसं बदललं ते उभं राहून सांगतात. त्यात हा क्रम नेहमी उलटा सांगितला जातो. मी तो सुलटा सांगतोय म्हणून कोणी नाराज होऊ नये.

लाज वाटली ती अशी. त्या वर्षी नाताळाच्या आधी दादा मला लूकचं शुभवर्तमान मोठ्याने वाचायला सांगायचे, त्यांचे डोळे गेले होते. जक्कयाची गोष्ट आली. यरीहो गावचा जकातदार, बुटका, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू गावातून चाललाय, गर्दीत दिसेना, म्हणून झाडावर चढून बसतो. मराठी बायबलात त्या झाडाला उंबर म्हटलंय, त्यामुळे लहानपणी मला तो आमच्या ओढ्याकाठच्या उंबरावरच बसलेला दिसायचा. येशू वर बघतो आणि म्हणतो की आज तुझ्या घरी उतरायचंय. मग जक्कय उभा राहून सांगतो, ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करीन. मी एवढं वाचलं आणि थांबलो. दादांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगून टाकलं.

दादा रागावले नाहीत. मास्तर होते, त्यांनी गणित मांडलं. नियमशास्त्राप्रमाणे ज्याने आपणहून कबूल केलं त्याने मुद्दल अधिक पाचवा हिस्सा भरायचा. मेंढरू चोरून कापलं-विकलं तर चौपट. जक्कयाने आपणहून वरचा दर लावून घेतला. ‘तुझे तीन वेळचे नऊशे. तू कुठला दर घेतोस?’

मी म्हणालो, ‘पण दादा, पैसे द्यायचे कोणाला? ते लोक कोण हेच माहीत नाही. आणि खरं नुकसान नऊशेपेक्षा कितीतरी जास्त.’

‘ते तुला कधीच फेडता यायचं नाही,’ दादा म्हणाले. ‘म्हणून जे येतं तेवढं तरी फेड.’

छत्तीसशे रुपये ठरले. १९९६ साली ही रक्कम माझ्या आवाक्यातली नव्हती. ती मी कामाने फेडली. आजूबाजूच्या अंगणवाड्यांचे, शाळांचे, नर्सबाईंचे काटे फुकट दुरुस्त केले आणि वहीत प्रत्येक कामाची मजुरी लिहीत गेलो. वही दादांच्या उशाशी असायची. दोन वर्षं लागली. त्या व्यापाऱ्याकडेही गेलो होतो, म्हटलं वजनं परत द्या, शिसं भरून देतो. तो हसला. पुढे त्याने दुसरा कारागीर धरला. मी तक्रार केली नाही. करायला हवी होती. तेही वहीत कुठेतरी लिहायला पाहिजे होतं.

आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, ‘ज्ञानोदय’ हे पत्र तिथूनच १८४२ मध्ये निघालं. आमचे पणजोबा १८७६-७७च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. ‘पोटासाठी बाटले’ असं आम्हाला शाळेपासून ऐकवलं गेलंय. असतीलही. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याचा देव बघितला, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. फक्त एवढंच की दुष्काळ दोन वर्षांत संपला, आणि त्यानंतर दीडशे वर्षं रविवारी सकाळी अंघोळ करून उपासनेला कोणी गव्हासाठी जात नाही.

दादांच्या फळीवर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ असायची. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली, नगर आणि राहुरी ही त्यांच्या संसाराची गावं, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. दादांना मात्र टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई मोठ्या वाटायच्या. त्यांनी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःचं सोवळं, स्वतःचं भाबडेपण, काहीही हातचं न राखता लिहिलं. १९३४ ते १९३६ या काळात ते पुस्तक आलं. दादा म्हणायचे, या बाईने दोन्ही पारड्यांत एकच वजन वापरलंय.

आणि त्याच १९३४ सालात, १० जुलैला, आमच्या सुप्यात एक मुलगा जन्मला. रजनीकांत शंकर आरोळे. आईवडील दोघेही शिक्षक. आज एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांना हे नाव सांगितलं तर ती मान हलवतात आणि मोबाइलकडे बघतात. त्यांचा दोष नाही. गावात मोठी कमान-बिमान नाही, आणि आरोळ्यांचं काम जामखेडला झालं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नगरहून निघालं की रस्ता चिचोंडी पाटीलवरून मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो, कडा-आष्टी ओलांडून परत नगर जिल्ह्यात येतो, मग जामखेड.

रजनीकांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. मेबल त्यांच्याच वर्गात होत्या, आणि वर्गात त्या पुढे होत्या. १९६०मध्ये लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांमध्ये घालवायचं. लग्नात शपथा सगळेच घेतात. हे दोघं आधी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन इस्पितळात गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरा होऊन गेलेला रोगी काही महिन्यांनी तोच रोग घेऊन परत येतो. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले आजार. बहुतेक सगळे टाळता येण्यासारखे. इस्पितळ भरलेलं, लोक आभार मानतात, डॉक्टरांचं नाव होतं, आणि गावात काहीही बदलत नाही. इथे मला त्यांच्या सचोटीची पहिली खूण दिसते. चाललेल्या दुकानाचा काटा चुकतोय हे त्यांनी स्वतःच ओळखलं, कोणी तक्रार केली नव्हती. पुढे अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली ते जामखेडला आले. सुरुवात गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत झाली.

नर्सबाईंना गावोगाव पाठवून बघितलं, जमेना. परक्या बाईचं गाव ऐकत नाही. मग गावानेच निवडलेली गावातलीच बाई शिकवायची ठरलं. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. त्या शिकायला जामखेडला येत, मुक्काम करत. पहिल्या-पहिल्यांदा जातींच्या अंतराने वेगवेगळ्या झोपत. तेव्हा सगळ्यांसाठी एकच भली मोठी गोधडी शिवली गेली. थंडीत कोणाला ती नको असेल? कुठल्याही भाषणापेक्षा हे मला जास्त पटतं.

१९७२च्या दुष्काळात गावोगाव बोअर घेतल्या, तेव्हा त्या दलित वस्तीत पडतील असं पाहिलं गेलं. मग पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथेच यावं लागलं. माझी धाकटी मुलगी वकील आहे. ती म्हणते, ही चलाखी झाली, सचोटी कुठली. यावरून आमचं एका रविवारी जेवताना चांगलंच वाजलं. मी तिला भिंतीवरचा तराजू काढून दाखवला. जुन्या तराजूची दोन पारडी कधीच सारखी नसतात. एका बाजूला साखळी जड असते, नाहीतर पितळ जाड. मग हलक्या बाजूला एक खडा किंवा तारेचा तुकडा बांधतात. त्याला पासंग म्हणतात. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो आपण, तोच हा पासंग. बघणाऱ्याला वाटेल, एका पारड्याला जास्तीचं काहीतरी बांधलंय, लबाडी आहे. पण दांडी आधीपासूनच एका बाजूला झुकलेली असेल तर पासंग बांधल्याशिवाय ती सरळ होत नाही. गावच मुळात एका बाजूला झुकलेलं होतं. आरोळ्यांनी पासंग बांधला. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, हे कोर्टात टिकणार नाही.’ नसेल टिकत.

१९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. वीसेक वर्षांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांतांना पद्मभूषण. जगभरातून लोक शिकायला आले. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका १९८८ साली वॉशिंग्टनला परिषदेत बोलायला गेल्या. तिथे छताला झुंबरं होती. त्यांनी सांगितलं की झुंबर दिसायला छान, पण महाग आणि उंचावर. त्यांचं काम पणतीसारखं, एका पणतीने दुसरी लागते. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. आज गावोगाव आशाताई दिसतात, ती योजना २००५ ची. तिच्या मागच्या प्रेरणांमध्ये जामखेडचं नाव घेतात.

हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते काट्याविषयी. या बायकांच्या हातात सगळ्यात आधी जी हत्यारं आली त्यांत वजनकाटा होता. पाच वर्षांच्या आतली मुलं जोखायची. अडीच किलोच्या वर जन्मलेलं बाळ पाच-सहा महिन्यांत दुप्पट व्हायला हवं, वर्षाला तिप्पट. नाही झालं तर काहीतरी बिनसलंय, आणि ते आई-बाप, सासू, कोणाच्याही डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला दिसतं.

आमच्या वहीतले पैसे फिटत आले होते तेव्हा, १९९८च्या हिवाळ्यात, मी जामखेडच्या बाजूला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. शेजारच्या वाडीत एक आरोग्यसेविका मुलांची वजनं घेत होती. पन्नाशीची बाई, नऊवारी, डोक्यावर पदर. लिंबाच्या फांदीला स्प्रिंगचा गोल काटा टांगलेला, त्याला खाली धोतराची झोळी. माझा हात शिवशिवला. म्हटलं, मावशी, हे स्प्रिंगचे काटे थकतात, मी काटेवाला आहे, बघून देतो, पैसे नकोत. बाईने मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, ‘थांबा जरा. आधी आमची पिशवी तर लागू द्या.’

तिने एका डब्यातून कापडाची शिवलेली पिशवी काढली. आत वाळू. गावातल्या सोसायटीच्या मोठ्या काट्यावर तिने ती पाच किलो भरून आणली होती आणि तोंड शिवून टाकलं होतं. झोळीत पिशवी ठेवली, काटा हलला, तिने दोन्ही हात बाजूला घेतले आणि थांबली. पाचवर आला. मग पहिलं लेकरू. ‘रोज आधी पिशवी, मग पोरं,’ ती म्हणाली. ‘काट्याचा काय भरवसा. आणि माझा तरी काय.’

शेवटचे चार शब्द ऐकून मी उभ्या जागी गार झालो. निरीक्षकाला घाबरून सरळ झालेला मी, आणि या बाईला कोणी तपासायला येणार नव्हतं, तरी ती रोज सकाळी स्वतःला पिशवी लावत होती. ती ख्रिस्ती नव्हती. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्यातल्या काहींना वाटतं की सचोटीचा मक्ता आपल्याकडे आहे.

ख्रिस्ती माणसाचं वेगळेपण असेल तर ते थोडं पुढे आहे. आम्हाला शिकवतात की कोणाचीच दांडी जन्मतः सरळ नसते. पाळकाची नसते, आरोळ्यांची नव्हती, माझी तर नव्हतीच. आपण स्वतः स्वतःला कितीही घासलं तरी नाही होत. मग वरून कोणीतरी पासंग बांधतो, फुकट. त्याला आम्ही कृपा म्हणतो. मला ही शिकवण ऐकून माहीत होती, कळली मात्र दादांच्या त्या वाक्याने, की ते तुला कधीच फेडता यायचं नाही, म्हणून जे येतं तेवढं तरी फेड. माझ्या ओळखीचे काही लोक यातला पहिला अर्धा भाग धरून बसतात आणि कृपा झाली म्हणून हिशोब मिटला असं समजतात. काहींच्या हाती फक्त दुसरा अर्धा लागतो, ते जन्मभर स्वतःला मारत राहतात.

तसं बघितलं तर तपासणीतून सुटका कोणाचीच नाही. माझ्या वजनांना निरीक्षकाची प्रमाणवजनं तपासतात, त्यांना वरची प्रयोगशाळा, तिला त्याच्यावरची, असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत. आणि तिथलाही किलो जपला जायचा तो पॅरिसजवळ काचेच्या झाकणांखाली ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्याशी. साऱ्या जगाचा किलो तो. पण शंभरेक वर्षांनी त्याच्याच जोड ठोकळ्यांशी ताडून बघितल्यावर पन्नासेक मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. शेवटी २० मे २०१९ पासून तो ठोकळाच निवृत्त केला आणि किलो निसर्गातल्या एका स्थिरांकाला बांधला. ही बातमी मी दोनदा वाचली. दादा असते तर त्यांनी यावर एक प्रवचन नक्की ठोकलं असतं.

जामखेडहून आल्यावर मीही एक वाळूची पिशवी शिवली. ती दुकानात खिळ्याला असते. पावसाळ्यात वाळू ओल धरते, म्हणून तिलाही मुद्रेच्या वजनाशी लावून बघावं लागतं. परवा पलीकडच्या गावातल्या अंगणवाडीच्या ताई गोल काटा घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘काका, पोरांची वजनं एकदम चांगली यायला लागलीत, सगळी हिरव्या पट्ट्यात. मला बरं वाटेना, म्हणून आणला.’ सगळी पोरं धष्टपुष्ट दिसतायत म्हणून संशय येणारी बाई. मी काही बोललो नाही, नुसतं त्यांच्याकडे बघितलं. काटा हुकाला अडकवला, खाली पिशवी टांगली. त्या पुढे वाकून आकडा वाचायला लागल्या.

म्हटलं, ‘थांबा ताई, हलतोय अजून.’